फोटोत न दिसणारा वण

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



ऑक्टोबर २००० मध्ये त्या वेळचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलण्यात आला. पुढच्या वर्षी जूनमध्ये उजवा गुडघाही बदलला. वर्तमानपत्रांत रोज बातम्या येत होत्या. पंतप्रधान आज उठून बसले, आज चार पावले चालले. आमच्या केळझरसारख्या गावात गुडघेदुखी ही तोवर वयाबरोबर येणारी आणि वयाबरोबरच जाणारी गोष्ट मानली जाई. तेल चोळायचे, शेक घ्यायचा आणि काठी धरायची. गुडघा बदलताही येतो, ही बातमी गावातल्या पारावर पोहोचली ती त्या दोन शस्त्रक्रियांमुळे.

लोकांनी त्याला नाव दिले 'वाटी बदलणे'. ते तितकेसे बरोबर नाही. मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीच्या हाडाचे वरचे टोक कापून तिथे धातूचे भाग बसवतात आणि दोहोंच्या मध्ये प्लॅस्टिकची चकती ठेवतात. वाटी पुष्कळदा रोग्याची स्वतःचीच राहते, फार तर तिची मागची बाजू बदलतात. पण नाव रूढ झाले ते झाले.

पंतप्रधानांवर शस्त्रक्रिया करायला डॉ. चित्तरंजन राणावत न्यूयॉर्कहून आले होते. हे गृहस्थ मूळचे मध्य प्रदेशातले. आज जगभर जो कृत्रिम गुडघा बसवतात, त्याचा मूळ नमुना १९७४ साली न्यूयॉर्कच्या एका अस्थिरुग्णालयात तयार झाला. जॉन इन्सॉल हे शल्यविशारद, पीटर वॉकर हे अभियंते आणि आपले राणावत ही त्यामागची प्रमुख मंडळी. त्याआधीचे प्रयत्न बरेच जुने आहेत. बर्लिनच्या थेमिस्टोक्लस ग्लुक यांनी १८९० साली क्षयाने सडलेल्या गुडघ्यात हस्तिदंताचा बिजागर बसवून पाहिला होता. तो टिकला नाही, कारण सांध्यात पू झाला. मध्ये ऐंशी वर्षे गेली. सिमेंट, धातू आणि प्लॅस्टिक यांची जोडी इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी खुब्यासाठी जमवली, आणि तिथून ती गुडघ्याकडे आली.

एवढा इतिहास सांगण्याचे कारण, आज मला त्या गुडघ्याच्या यशाबद्दल बोलायचे नाही. ते यश खरेच आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. सर्वांत जास्त वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा चोपन्न-पंचावन्न हजारांवर आला, आणि शेतीवर जगणाऱ्या घरांतही त्याचा विचार होऊ लागला. मला बोलायचे आहे ते ज्यांचा गुडघा नीट बसवला गेला, जखम भरली, टाके निघाले, फोटोही सुरेख आला आणि तरीही ज्यांचा पाय वाकत नाही, त्यांच्याबद्दल.

केळझर नागपूर-वर्धा रस्त्यावर आहे. महाभारतातली एकचक्रानगरी, जिथे भीमाने बकासुर मारला, ती हीच, अशी आमच्याकडची परंपरा. टेकडीवरचा गणपती विदर्भातल्या अष्टविनायकांत गणला जातो. गावाचे सारे जीवन गुडघ्यावर चालते. निंदण उकिडवे बसून, स्वयंपाक बसून, भजनाला मांडी घालून, आणि गणपतीला जायचे तर चढण आहेच. सपाट रस्त्यावर चालायला गुडघा पासष्ट-सत्तर अंशांत वाकला तरी भागते. जिना चढायला ऐंशी-पंच्याऐंशी अंश लागतात, खुर्चीतून उठायला नव्वदच्या पुढे. उकिडवे बसायला त्याहून पुष्कळ जास्त, आणि ते तर कृत्रिम गुडघ्याला करूच नये असे बहुतेक डॉक्टर सांगतात. म्हणजे गुडघा सत्तर अंशांवर अडला तर माणूस चालेल, पण एस.टी.च्या पायरीवर त्याचा पाय चढणार नाही.

माझ्या थोरल्या वहिनींचे असेच झाले. शस्त्रक्रिया कुठल्या रुग्णालयात झाली ते सांगण्यात अर्थ नाही, कारण हे कुठेही घडू शकते आणि घडते. पाचव्या आठवड्यात तपासणीला गेल्या. फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, अगदी उत्तम बसला आहे, तुम्ही व्यायाम मात्र करत नाही. वहिनी दोन्ही वेळा व्यायाम करत होत्या आणि करताना रडत होत्या. घरी आल्यावर मला म्हणाल्या, "भाऊजी, फोटो चांगला आहे म्हणतात, मंग पाय काऊन वाकत नाही?"

मी चौतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. क्ष-किरणांचा धडा दरवर्षी घेतला. तरी वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर त्या धड्यात होते, हे तोवर कोणी मला विचारले नव्हते.

विल्हेल्म राँटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लागला. डिसेंबरात त्यांनी आपल्या पत्नीच्या, ॲना बर्था यांच्या हाताचा फोटो घेतला. जगप्रसिद्ध फोटो आहे तो, पुष्कळांनी पुस्तकात पाहिला असेल. त्यात काय दिसते? बोटांची हाडे दिसतात आणि अंगठी दिसते. कातडी, स्नायू, शिरा, म्हणजे ज्याला आपण हात म्हणतो तो बहुतेक सगळा, तिथे नुसत्या धूसर सावलीसारखा आहे. क्ष-किरणांचा सगळा स्वभाव त्या पहिल्याच महिन्यात कागदावर उतरला होता. त्यांना हाड आणि धातू दिसतात. पुढे १८९७-९८ मध्ये वायव्य सरहद्दीवरच्या तिराह मोहिमेत इंग्रज लष्करी डॉक्टर बीव्हर यांनी हे यंत्र नेले, ते जखमी सैनिकांच्या अंगातल्या गोळ्या आणि मोडलेली हाडे शोधायला. पुन्हा हाड आणि धातूच.

आता बदललेला गुडघा म्हणजे काय? हाड आणि धातू. त्यामुळे त्याचा फोटो असा काही देखणा येतो की बघत राहावे. कडा रेखीव, धातू पांढराशुभ्र, दोन भागांतली फट सारखी. फोटो खोटे बोलत नाही. धातू सैल झाला असेल, हाडाला तडा गेला असेल, माप चुकले असेल, तर तो सांगतो. फार तर वाटी खाली ओढली गेलेली दिसते, तीही आतल्या आवळण्याची एक अप्रत्यक्ष खूण असते. पण हाड आणि धातू यांच्या भोवती जे मऊ मांस आहे त्यात काय चालले आहे, हे त्याच्या आवाक्यातच नाही.

आणि चालले असते ते असे. कापले की वण येतो. हातावर विळा लागला तर वरून वण दिसतो, तो काही दिवस ओढ घेतो, मग नरमतो. सांध्याच्या आतही तेच होते. १९७१ साली जिनिव्हाच्या गॅब्बियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली भरत्या जखमेत एक विशेष पेशी पाहिली. ती तंतूही विणते आणि स्नायूसारखी आकुंचनही पावते. जखमेच्या कडा जवळ आणण्याचे काम तिचे. काम संपले की ती निघून जायला हवी. काही माणसांत ती जात नाही. तंतू विणतच राहते, ओढतच राहते. गुडघ्यात वाटीच्या वर एक पोकळ पिशवी असते, पाय वाकताना ती उलगडते. तिच्या भिंती एकमेकींना चिकटल्या की पाय वाकणार कुठून? वाटीखालच्या चरबीच्या गादीचेही असेच कडक चामडे होते. डॉक्टर याला आर्थ्रोफायब्रोसिस म्हणतात. आपण आतला वण म्हणू. किती जणांना होतो? वेगवेगळ्या अहवालांत शंभरात एकदोन जणांपासून दहाच्या पुढेपर्यंत आकडे आहेत, कारण मोजण्याची पद्धत प्रत्येकाची निराळी. ज्यांचा पाय शस्त्रक्रियेपूर्वीच कमी वाकत होता, त्यांना धोका अधिक, एवढे बहुतेकांना मान्य आहे. व्यायाम न करणे हे एक कारण असू शकते. ते एकमेव कारण नाही, आणि रोग्याच्या तोंडावर पहिल्याच भेटीत फेकायचे तर मुळीच नाही.

मग या वणाला पाहणारे यंत्र कोणते? इथे इतिहासाची मोठी गंमत आहे. १९७१ सालीच, १ ऑक्टोबरला, लंडनजवळच्या एका रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रोग्याच्या मेंदूचा सी.टी. स्कॅन झाला. हाउन्सफील्ड हे ई.एम.आय. कंपनीतले अभियंते, म्हणजे आपण ज्यांच्या तबकड्या रेडिओवर ऐकत आलो तीच ही कंपनी. सी.टी. स्कॅनही शेवटी क्ष-किरणांवरच चालतो. धातूपाशी आला की चित्रात उन्हाच्या तिरिपेसारखे पट्टे उमटतात. गुडघ्यात त्याचा उपयोग दुसराच आहे. बसवलेला भाग आत किंवा बाहेर वळून बसला आहे का, हे तो अंशांत मोजून देतो, आणि पाय न वाकण्याचे तेही एक कारण असते. पण वण त्याला नीट दिसत नाही.

१९७३ साली पॉल लॉटरबर यांनी एम.आर.आय.चे तत्त्व मांडले. पीटर मॅन्सफील्ड यांच्यासह त्यांना २००३ मध्ये त्यासाठी नोबेल मिळाले. मऊ भाग पाहण्यात या यंत्राचा हात कोणी धरू शकत नाही. १९७३ ला हे यंत्र आणि १९७४ ला तो गुडघा, दोघे पाठीला पाठ लावून जन्माला आले. पण एकमेकांशी त्यांचे पटेना. त्याचे कारण शेतकऱ्याला चटकन कळेल. शिवारात धुऱ्यावरचे दगड हलले तर मोजणीचा नकाशा चुकतो, एकाची काकरी दुसऱ्याच्या नावावर चढते. एम.आर.आय.मध्ये शरीरातला प्रत्येक कण कुठे आहे हे चुंबकीय क्षेत्राच्या ताकदीवरून ठरते. प्रत्येक जागेची ताकद ठरलेली, तीच तिची हद्दीची खूण. मध्ये कोबाल्ट-क्रोमियमचा गोळा आला की आजूबाजूच्या खुणा हलतात. इथला ठिपका तिथे उमटतो, काही ठिपके उमटतच नाहीत. चित्रात गुडघ्याच्या जागी काळे भोक आणि भोवती पांढऱ्या ज्वाळा. वण नेमका त्या भोकाच्या काठावर असतो.

यावर वर्षानुवर्षे काम झाले. २००९ साली अमेरिकेतून दोन पद्धती पुढे आल्या, सेमॅक आणि मॅव्हरिक अशी त्यांची संक्षिप्त नावे. त्यांत यंत्र एकाच भागाची पुष्कळ चित्रे निरनिराळ्या तऱ्हेने घेते आणि गणिताने हललेल्या खुणा जागेवर आणते. मोजणीदाराने पुन्हा साखळी टाकावी तसे. तेव्हापासून धातूला चिकटून असलेला जाड, काळसर वण एम.आर.आय.वर ओळखता येऊ लागला. दोघे जन्माला आल्यानंतर पस्तीस वर्षांनी. पण ही सोय यंत्रात असायला हवी, आणि ती वापरायची हे तपासणीच्या आधी सांगायला हवे. नेहमीच्या पद्धतीने काढलेला एम.आर.आय. बदललेल्या गुडघ्याबद्दल फारसे काही सांगत नाही, आणि पैसे मात्र पूर्ण लागतात. आणखी एक. पुष्कळांना भीती असते की चुंबकाने गुडघाच ओढला जाईल. हल्लीच्या गुडघ्यांचे धातू तसे ओढले जात नाहीत, पण अंगात धातू आहे हे आधी सांगायचेच.

मला स्वतःला या सगळ्यात जास्त आवडलेले यंत्र साधे आणि स्वस्त आहे. सोनोग्राफी. ग्लासगोचे डॉक्टर इयान डोनाल्ड यांनी १९५५ मध्ये बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यातले, लोखंडातल्या भेगा शोधण्याचे यंत्र पाहिले आणि त्यावर शरीरातल्या गाठी तपासून पाहिल्या. १९५८ मध्ये त्यांचा लेख आला. म्हणजे मूळ यंत्र धातू तपासायचेच. धातूवरून आवाज परततो, त्यामुळे धातूच्या पलीकडचे दिसत नाही हे खरे. पण वण असतो धातूच्या अलीकडे, कातडी आणि धातू यांच्या मध्ये. तिथे सोनोग्राफीला काहीच अडथळा नाही. शिवाय पाय हलवत असताना पाहता येते, पिशवीच्या भिंती एकमेकींवरून सरकतात की नाही ते. २००४ साली स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी असे आखडलेले गुडघे आणि चांगले वाकणारे गुडघे सोनोग्राफीने तपासले. आखडलेल्यांत सांध्याचे आतले अस्तर तीन मिलिमीटरहून जाड झालेले आणि त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या आढळत होत्या. तीन मिलिमीटर म्हणजे शाळेच्या पट्टीवरच्या तीन बारीक रेघा. एवढ्याशा जाडीने बाईचा पाय अडतो.

वहिनींना दुसऱ्या एका डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली तेव्हा त्या लाजल्याच. "भाऊजी, या वयात सोनोग्राफी?" आमच्याकडे सोनोग्राफी म्हणजे पोटुशा बायांची तपासणी. दोष त्यांचा नाही. ते यंत्र आपल्याकडे आले तेच त्या वाटेने, आणि पुढे त्याचा गैरवापर मुली मारण्यासाठी झाला म्हणून १९९४ चा कायदा करावा लागला. कायदा आवश्यकच होता. त्यामुळे प्रत्येक यंत्राची नोंदणी झाली, ते कुठेही नेता येईना. गुडघा, खांदा पाहणारी सोनोग्राफी शिकलेले डॉक्टरही त्यामानाने थोडेच. अस्तर जाड झाल्याचे वहिनींच्या सोनोग्राफीत आले, रक्तप्रवाहही दिसला. तोवर तिसरा महिना संपत आला होता.

वेळ हीच इथली खरी गोष्ट आहे. नवा वण कोवळा असतो. पहिल्या सहा ते बारा आठवड्यांत रोग्याला भूल देऊन गुडघा हळूहळू वाकवला तर तो सुटण्याची शक्यता चांगली असते. पुढे तो पिकतो, मग दुर्बिणीने कापावा लागतो, आणि कापले की पुन्हा वण येण्याची भीती आहेच. 'फोटो उत्तम आहे' या तीन शब्दांत ज्यांचे दोन महिने गेले त्यांचे नुकसान कुठल्याच फोटोत दिसत नाही. वहिनींना भूल देऊन गुडघा वाकवला. आता त्या खुर्चीतून हात न टेकता उठतात, एस.टी.त चढतात. जिना उतरताना मात्र कठडा लागतो.

एक गोष्ट मात्र यंत्रांचे कौतुक करताना सांगायलाच हवी. २०१६ साली अनेक देशांच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून या आजाराची व्याख्या केली. ती कुठल्याही यंत्रावर बेतलेली नाही. संसर्ग, वाकडा बसलेला भाग, चुकलेले माप, हाडाचा अडथळा अशी इतर कारणे नाहीत, आणि मऊ भागातल्या वणामुळे पाय पूर्वीपेक्षा कमी वाकतो किंवा सरळ होत नाही, तर तो हा आजार. गुडघा नव्वद ते शंभर अंश वाकत असेल तर सौम्य, सत्तर ते एकोणनव्वद असेल तर मध्यम, सत्तरच्या खाली तीव्र. राँटगेन यांच्या शोधानंतर एकशे एकवीस वर्षांनीही मोजमाप कोनाचे. यंत्रांचे काम मुख्यतः बाकीची कारणे खोडून काढण्याचे आणि वण कुठे, किती आहे ते दाखवण्याचे. त्यामुळे सोनोग्राफीत किंवा एम.आर.आय.मध्ये वण दिसला पण पाय छान वाकतो, तर तो आजार नव्हे. प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर थोडा वण असतोच. चित्र पाहून घाबरणारेही मला भेटले आहेत.

कोन मोजायला फिजिओथेरपीवाल्यांकडे दोन हातांचे कोनमापक असते. मी घरी नातवाच्या कंपासपेटीतले वापरले. मांडीच्या बाजूने एक पट्टी, नडगीच्या बाजूने दुसरी, दोन्ही गुडघ्याच्या सांध्यापाशी मिळालेल्या, मधला कोन मोजायचा आणि तो एकशे ऐंशीतून वजा करायचा. फिजिओथेरपीच्या ताई आधी हसल्या, मग त्यांनी आपले लावून पाहिले. दोघांत चार अंशांचा फरक आला. दर रविवारी मोजून कॅलेंडरवर लिहिण्याइतके ते नक्कीच भरवशाचे आहे. दोन-तीन आठवडे आकडा तिथेच थांबला, किंवा मागे आला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना जाऊन दाखवावा. "व्यायाम करतो, पण वाकत नाही" हे वाक्य आणि कॅलेंडरवरची आकड्यांची रांग, यांत डॉक्टर कशाकडे आधी पाहतील ते सांगायला नको.

आमच्या भागाचे नशीब त्या मानाने बरे. डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीत, वैद्यकीय महाविद्यालय उभे केले, ते मुद्दाम खेड्यात. सावंगीलाही मोठे रुग्णालय आहे. केळझरहून दोन्हीकडे जाता येते. जाताना सुटीचा कागद, आधीचे सगळे फोटो, आणि बसवलेल्या गुडघ्याच्या खोक्यावरची चिकटपट्टी लावलेला कागद सोबत न्यावा. गुडघा कुठल्या धातूचा, कोणत्या मापाचा, हे त्यावर छापलेले असते. सोनोग्राफी किंवा एम.आर.आय. करणाऱ्याला 'गुडघा दुखतो' एवढेच न सांगता 'गुडघा बदललेला आहे, वाकत नाही, आतला वण पाहायचा आहे' असे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावे.